पिशवीतलं रक्त शिळं होते का?

कोरडवाहू (२७ मे)

मंडळी, नमस्कार. मी झरी-जामणीकडचा. दोन आठवड्यांआधी घरात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतो.

१३ मे ले वहिनीचं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी झाली, पण नंतर रक्त थांबेना. अंगात रक्त आधीच कमी, त्यात हे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, एक पिशवी लावावीच लागते, यांच्या गटाची इथल्याच फ्रीजमध्ये आहे. सिस्टरनं पिशवी आणली, दोघी जणींनी मिळून नंबर, गट, नाव मोठ्यानं वाचून ताडून पाहिलं. मी बाजूलाच उभा. पिशवीला बाहेरून दव सुटलेलं आणि आतलं रक्त इतकं गर्द की जांभळाच्या रसासारखं दिसे. लेबलावर दोन तारखा होत्या. काढल्याची १४ एप्रिल, मुदत १९ मे.

दादाच्या सासऱ्यांनी चष्मा पुसून त्या वाचल्या आणि आडवेच आले. "हे तं महिन्याचं हाय. माह्या पोरीले शिळं रक्त नोका लावू. मी हावो, जावई हाय, दीर हाय, आमचं ताजं काढा."

तास-दीड तास त्यात गेला. सिस्टरनं घड्याळ पाहून पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवली, पुन्हा काढली. दादा तर गाडी काढून जिल्ह्याला निघाला होता, शंभराच्या आसपास किलोमीटर. शेवटी बाईंनी सासऱ्यांचा हात धरून सांगितलं, "बाबा, आत्ता ही लागली नाही तर पोरगी हातची जाईल." तेव्हा ते बाजूला झाले. वहिनी आता बरी आहे, पोरगीही.

पण म्हातारा चुकला का? दूध नासते, भाजी सडते, मग रक्त ३५ दिवस कसं टिकते? २९ व्या दिवसाची पिशवी आणि तिसऱ्या दिवसाची पिशवी सारखीच का?

तेंदूपत्ता

आधी हे वाचून जीव भांड्यात पडला की दोघी बऱ्या आहेत. पोरीचं नाव काय ठेवलं?

कोरडवाहू

बारसं व्हायचं आहे भाऊ. सध्या सगळे 'चिमणी' म्हणतात.

रात्रपाळीवाला

मी विदर्भातल्याच एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, अकरा वर्षं झाली. सासऱ्यांना हसू नका कोणी. पिशवीत काहीच होत नाही असं जे सांगतात ते खोटं सांगतात. होते, बरंच होते. समजावून सांगतो.

पिशवीतली लाल पेशी जिवंत असते. तिला जगायला ऊर्जा लागते. आपल्या शरीरातल्या इतर पेशींकडे ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढायचं यंत्र असते, मायटोकॉन्ड्रिया. लाल पेशीनं ते यंत्र तयार होतानाच टाकून दिलेलं असते, म्हणजे आख्खी ऑक्सिजन वाहणारी पेशी, पण स्वतः त्यातला कणही खात नाही. तिचं पोट फक्त साखरेवर. साखर मोडायची, थोडं एटीपी (पेशीचं इंधन) काढायचं, आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचं. शरीरात ते आम्ल रक्तासोबत वाहून यकृताकडे जाते. पिशवीत कुठं जाईल? तिथंच साठते. म्हणून दिवसागणिक पिशवी आंबट होत जाते. आणि आम्ल वाढलं की साखर मोडायचं काम अजूनच मंदावते.

पिशवीत रक्त यायच्या आधीच आम्ही औषधी पाणी भरलेलं असते. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली, ४५० च्या पिशवीत ६३. त्यात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट, पेशीला खायला साखर, आणि एटीपी बनवायला लागणारं अ‍ॅडेनिन. याचं नाव सीपीडीए-१, त्याच्यावर मुदत ३५ दिवस. लाल पेशी वेगळ्या करून एसएजीएम नावाच्या द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. बाकी काम थंडीचं. २ ते ६ अंशांत पेशी एवढी मंद जगते की तेवढी शिदोरी महिनाभर पुरते. बाहेर ४५ अंशांच्या उन्हात तीच शिदोरी लवकर उडते, वरून जंतूंचा धोका.

आता जुनं होताना काय बिघडते ते.

पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, सोडियम बाहेर, पोटॅशियम आत. थंडीत तो जवळजवळ बसतो. मग पोटॅशियम झिरपून बाहेरच्या पाण्यात येते. शरीरात रक्तद्रवात पोटॅशियम ३.५ ते ५ असते, मुदत संपत आलेल्या पिशवीच्या द्रवात ते ५० च्या आसपास जाऊ शकते.

दुसरं २,३-डीपीजी. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते, तो सोडायला हा रेणू त्याची मूठ सैल करतो. दोन आठवड्यांत पिशवीतला तो जवळपास संपतो.

आणि पेशीचा आकार. ताजी पेशी मधे खोलगट, लवचीक, स्वतःपेक्षा बारीक नळीतूनही वाकून निघते. जुनी झाली की तिच्यावर काटे येतात, भिंतीचे बारीक तुकडे गळतात, शेवटी ती गोल गोळी होते. सूक्ष्मदर्शकात मी हे पाहतो. धोतऱ्याच्या फळाची आठवण होते.

म्हणून म्हातारेबाबा 'जुनं' म्हणाले ते बरोबर. 'शिळं' म्हणाले ते मला पटत नाही. शिळं म्हणजे खराब. हे खराब नव्हतं.

आणि त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. पिशवी अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहिली तर ती परत साठवता येत नाही, फेकावी लागते. एवढ्या गोंधळात तिनं घड्याळ पाहिलं!

पैनगंगा_काठ

रात्रपाळीभाऊ, हे वाचून तर मी सासऱ्यांच्या बाजूनं झालो. आंबट झालेलं, पोटॅशियम वाढलेलं, ऑक्सिजन न सोडणारं, काटे आलेलं. आणि हे चांगलं कसं? गरिबाच्या दवाखान्यातच असं मुदतीला टेकलेलं का येते? शहरात मोठ्या दवाखान्यात देतात का असं?

रात्रपाळीवाला

देतात. सगळीकडे एकच नियम आहे, आधी आलेली पिशवी आधी जाईल. नाहीतर मागच्या मुदत संपून वाया जातील. तुमच्या बाकीच्या प्रश्नाला डॉक्टर लोकांपैकी कोणी बोलेल तर बरं.

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यातली. माझा मुलगा सिकलसेलचा, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून तो दोष आलेला. नऊ वर्षांचा आहे आणि त्याला रक्त वरचेवर लागते. आम्हाला नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की याला शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं द्या. मी प्रत्येक वेळी रक्तपेढीच्या खिडकीत तारीख विचारते. एकदा तिथल्या माणसानं सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, भाजीबाजार आहे का हा?" मी रडले नाही, पण ती गोष्ट अजून लागते. तारीख विचारणं गुन्हा आहे का? आता इथं सांगतात की जुनंही चालते. मग आम्हाला दोन आठवडे का सांगितलं?

ग्रामीण_भूल

मी भूलतज्ज्ञ, विदर्भातल्याच ग्रामीण रुग्णालयांत फिरून सिझेरियनला भूल देतो. मोहफूलताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुम्ही बरोबर विचारता. विचारत राहा.

शरीरातली लाल पेशी १२० दिवस जगते. दात्याच्या रक्तात सगळ्या वयाच्या पेशी असतात, कालची जन्मलेली आणि उद्या मरणारीही. पिशवीत म्हाताऱ्या पेशी आधी खचतात. म्हणून जुनी पिशवी चढवली की त्यातल्या काही पेशी पहिल्याच दिवशी प्लीहेत गाळल्या जातात. मुदत ठरवतानाचा निकषच हा आहे की चढवल्यावर २४ तासांनी किमान ७५ टक्के पेशी फिरत्या असल्या पाहिजेत.

आता तुमच्या लेकराचा हिशोब बघा. त्याला आयुष्यभर पिशव्या लागणार. प्रत्येक पिशवीतल्या जास्तीत जास्त पेशी जास्तीत जास्त दिवस टिकल्या तर दोन पिशव्यांमधलं अंतर वाढते. आणि प्रत्येक पिशवीबरोबर लोह शरीरात साचते, म्हणून पिशव्या कमी लागलेल्या बऱ्या. थॅलेसेमियाच्या मुलांनाही म्हणूनच ताजं द्यायचा प्रयत्न असतो. तान्ह्या बाळाचं रक्त बदलायचं असेल तर आम्ही पाच-सात दिवसांच्या आतलं मागतो, तिथं कारण पोटॅशियम. एवढ्याशा जिवात भराभर गेलं तर हृदय थांबू शकते.

बाळंतिणीचं तसं नाही. एका पिशवीत बाहेर आलेलं एकूण पोटॅशियम थोडंसंच असते. मोठ्या माणसात एक पिशवी सावकाश गेली की ते पाच लिटर रक्तात विरून जाते. शिवाय पेशी ३७ अंशांत आली, साखर मिळाली, की पंप पुन्हा सुरू होतो आणि पोटॅशियम परत आत ओढतो. २,३-डीपीजी काही तासांत बनायला लागते, दोन-तीन दिवसांत पूर्ववत. म्हणजे पिशवीत झालेलं बरंचसं नुकसान अंगात गेल्यावर भरून निघते. आकार फार बिघडलेल्या पेशी तेवढ्या परत येत नाहीत.

पैनगंगाभाऊ, हीच शंका जगभरच्या डॉक्टरांना होती. मलाही होती. म्हणून प्रत्यक्ष रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. २०१५ मध्ये एबल नावाची, अतिदक्षता विभागातल्या २४०० च्या वर रुग्णांवर. त्याच वर्षी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर रिसेस. २०१६ मध्ये इन्फॉर्म, तिच्यात २०,००० च्या वर रुग्ण. ताजं दिलेल्यांत आणि जुनं दिलेल्यांत मृत्यूचा फरक दिसला नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती युगांडातली, २०१५ चीच. कंपालातली २९० लहान मुलं, हिमोग्लोबिन ५ किंवा त्याहून कमी, बहुतेकांना मलेरिया नाहीतर सिकलसेल. आपल्या धानोरा-भामरागडकडचीच लेकरं म्हणा ना. अर्ध्यांना १ ते १० दिवसांचं रक्त, अर्ध्यांना २५ ते ३५ दिवसांचं. ऑक्सिजन पोचतो का हे रक्तातलं लॅक्टेट मोजून पाहिलं, म्हणजे तेच लॅक्टिक आम्ल, ऑक्सिजन कमी पडला की वाढते. दोन्हीकडे सारखंच उतरलं.

पैनगंगा_काठ

डॉक्टरसाहेब, मनापासून लिहिलं, आभार. पण एक अडते. त्या मोठ्या २०,००० वाल्या अभ्यासात 'जुनं' म्हणजे किती जुनं? सरासरी असेल ना? शेवटच्या आठवड्यातलंच फक्त वेगळं काढून पाहिलं का?

ग्रामीण_भूल

रास्त प्रश्न. त्यातल्या जुन्या गटाची सरासरी साधारण २४ दिवसांची होती. म्हणजे अगदी शेवटच्या दिवसांबद्दल तो अभ्यास कमीच बोलतो, हे मान्य. युगांडाचा २५ ते ३५ दिवसांचा आहे, आपल्या धाग्यातली २९ दिवसांची पिशवी त्यात नेमकी बसते. पण तिथल्या पिशव्यांतल्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या होत्या, आपल्याकडे ते सगळीकडे होत नाही. एवढा फरक लक्षात ठेवावा लागतो.

संत्रावाला

आमच्या वरूडच्या मामाचं रक्त पिशवीत ठेवलं तर फ्रीज तापंल, एवढं सांगतो. 😄 पण एक खरंच विचारायचं आहे. डेंग्यूच्या वेळी प्लेटलेट आणायला गेलो, तर त्या फ्रीजमध्ये नव्हत्याच, एका पाळण्यासारख्या मशीनवर हलत होत्या. त्या का नाही थंड ठेवत?

रात्रपाळीवाला

मामाला घेऊन या, बिनधास्त. प्लेटलेट थंडीत गेल्या की त्यांचा आकार बदलतो आणि अंगात गेल्यावर त्या पटकन गाळल्या जातात. म्हणून २० ते २४ अंशांत. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया असतात, त्या ऑक्सिजन वापरतात. पिशवी हवा आत घेणारी असते आणि हलती ठेवतात म्हणजे सगळ्यांना हवा मिळते. आयुष्य पाचच दिवस. त्यामुळे पोळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की आमची झोप उडते.

धारणीकर

मेळघाटातून. इथं वयापेक्षा वाट मोठी आहे. चार वर्षांआधीची गोष्ट. बहिणीसाठी पिशवी आणायला गेलो होतो, परतीला घाटात गाडी बंद पडली. डब्यात बर्फाचे पॅक होते. मला वाटलं, अजून थंड राहावं, म्हणून वाटेत एका दुकानातून बर्फाची लादी घेतली, फोडली आणि पिशवीच्या चारही बाजूंनी दाबून भरली, वरून मीठ टाकलं, कुल्फीवाले टाकतात तसं. दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली. वरच्या पिवळ्या पाण्याचा थर असतो ना, तो लालभडक झालेला. पेशी गोठून फुटल्या होत्या. मी माझ्या हातानं ती पिशवी मारली. दुसरी मिळाली, बहीण वाचली, पण ते लाल पाणी मी विसरलो नाही.

रात्रपाळीवाला

धारणीकरभाऊ, तुम्हाला पिशवी देणाऱ्यानं हे समजावून सांगायला हवं होतं, चूक तिथं झाली. मिठाचा बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो. इथं वाचणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात घ्या. बर्फ पिशवीला थेट टेकू द्यायचा नाही, मधे जाड कापड किंवा पुठ्ठा. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही. पोचली की लगेच सिस्टरच्या हातात. लावायला घेतली की चार तासांत संपली पाहिजे.

जुनीपानं

आजोबा पलटणीत होते, त्यामुळे या विषयाचं मला वेड आहे. १९१६ मध्ये रूस आणि टर्नर यांनी सायट्रेटमध्ये साखर घातली की पेशी कित्येक दिवस टिकतात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात ऑस्वल्ड रॉबर्टसन या डॉक्टरनं फ्रान्समध्ये आघाडीजवळ बर्फाच्या पेट्यांत रक्ताच्या बाटल्या साठवल्या. त्याआधी दाता आणि जखमी शेजारी शेजारी पाहिजेत. १९४३ मध्ये लूटिट आणि मॉलिसन यांनी द्रावण आम्लधर्मी केलं, मुदत २१ दिवसांवर गेली. पुढं अ‍ॅडेनिन आलं आणि ३५ झाले. पेशीला काय खायला द्यायचं हे शोधण्यातच माणसांची आयुष्यं गेली आहेत.

मोहफूल

डॉक्टरदादा, कोणीतरी पहिल्यांदा 'का' ते सांगितलं. आता खिडकीत विचारायला धाक वाटणार नाही. अजून एक. सगळ्यांचं रक्त पिशवीत सारखंच टिकते का?

ग्रामीण_भूल

नाही. दात्यादात्यात फरक पडतो. जी-६-पीडी नावाचं विकर काही लोकांत जन्मतः कमी असते. त्यांच्या पेशी ऑक्सिजनचा गंज नीट झेलू शकत नाहीत आणि साठवणीत इतरांपेक्षा लवकर खचतात. एएस, म्हणजे सिकलसेलचा वाहक, अशा दात्याच्या पेशीही साठवणीत थोड्या नाजूक असतात. शिवाय सिकलसेलच्या मुलाला एएस दात्याचं रक्त टाळतात, म्हणून तुमच्या लेकरासाठी पिशवी सिकलसेल निगेटिव्ह आहे ना, हे तारखेसोबत विचारायचं.

आणि कोरडवाहू, मूळ गोष्टीतली एक बाजू कोणीच काढली नाही. सासरे म्हणत होते, ताजं काढा. आज काढलं तरी एचआयव्ही, दोन कावीळ, गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय ते देताच येत नाही. काढायलाही रक्तपेढी लागते, तालुक्याला फक्त साठवणूक केंद्र असते. म्हणजे सगळं धरून दुसरा दिवस उजाडला असता.

त्याहून मोठं म्हणजे, त्यांनी जे दाते सुचवले. बापाचं ताजं रक्त पोरीला द्यायचं नाही. रक्ताच्या जवळच्या नात्यात दात्याच्या ताज्या पांढऱ्या पेशी कधीकधी शरीराला परक्या वाटत नाहीत, मारल्या जात नाहीत, रुजतात आणि उलट तिच्यावरच हल्ला करतात. क्वचित होते, पण झालं की माणूस सहसा वाचत नाही. ते टाळायला पिशवीला किरण देऊन त्या पांढऱ्या पेशी निकामी कराव्या लागतात. आणि ज्या बाईला पुढं मुलं व्हायची आहेत तिला नवऱ्याचं आणि त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त टाळतात. त्याच्या पेशींविरुद्ध तिच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार झाली तर पुढच्या बाळाला, ज्यात नवऱ्याचा वाटा असतो, त्रास होऊ शकतो.

तेंदूपत्ता

बाप रे. आमच्याकडे तर घरच्याचंच रक्त चांगलं म्हणतात!

कोरडवाहू

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे त्या खोलीत सासरे नाही चालत, दादा नाही चालत. मी दादाचा भाऊ, म्हणजे माझंही टाळलं असतं. पण दुसऱ्या कोणासाठी देण्यासारखा तर होतो. आणि मी गप उभा होतो, कारण मला सुईची भीती वाटते. आजवर एकदाही दिलं नाही.

वणीचा_पोरगा

कोरडवाहू भाऊ, काढल्याची तारीख १४ एप्रिल म्हणालात ना? आम्ही जयंतीच्या दिवशी शिबिरात रक्त दिलं होतं. उन्हाचा तडाखा होता, तरी रांग मोठी होती. माझा गट बी पॉझिटिव्ह. वहिनीचा?

कोरडवाहू

बी पॉझिटिव्हच.

वणीचा_पोरगा

😭

रात्रपाळीवाला

दात्याचं नाव लेबलावर नसते आणि आम्ही सांगतही नाही. त्या दिवशी जिल्ह्यात बी पॉझिटिव्हवाले कितीतरी असतील. पण असू शकते, नक्कीच असू शकते.

आता मी माझं दुखणं सांगतो. १४ एप्रिलला आमचा फ्रीज भरतो. १५ ऑगस्टला भरतो, १ ऑक्टोबरला रक्तदान दिनाला भरतो. १४ एप्रिलच्या ३५ दिवसांवाल्या सगळ्या पिशव्या एकाच दिवशी, १९ मे ला संपतात. आणि २० मे पासून कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन, कोणी फिरकत नाही. आज माझ्याकडे बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या आहेत. पैनगंगाभाऊ, तुम्ही विचारलं होतं जुनंच का मिळते. फ्रीजमध्ये रोज थोडं थोडं आलं तर रोज थोडं ताजं असते. मोहफूलताईंच्या लेकराला ते मग मागावं लागत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी देता येते, बाईला चार महिन्यांनी. वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. शिबिराची वाट पाहू नका, कोणत्याही दिवशी या.

पैनगंगा_काठ

मान्य. मी वर रागानं लिहिलं होतं. या आठवड्यात जातो. शेवटच्या आठवड्यातल्या पिशवीबद्दलची माझी शंका मात्र अजून आहे.

ग्रामीण_भूल

राहू द्या, शंका चांगली आहे.

कोरडवाहू (३० मे)

आज संध्याकाळी सासऱ्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. पेशी साखर खाते, आम्ल साठते, अंगात गेल्यावर पंप पुन्हा सुरू होतो, तिथपर्यंत ते हूं हूं करत होते. बापाचं रक्त पोरीला चालत नाही, हे ऐकल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग माहं कोणाले चालंल?" मी म्हटलं, बाबा, तुमचं वय ५८, साखर-बीपी नाही. पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंत देता येते म्हणतात, पण तिथले डॉक्टर पाहून ठरवतील.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ते आणि मी जिल्ह्याला जातो. रात्रपाळीभाऊ, सकाळी किती वाजता उघडते? आणि जेवून यायचं की उपाशी?

रात्रपाळीवाला

चोवीस तास उघडी असते. पोटभर नाश्ता करून या, पाणी भरपूर प्या. बाबांना म्हणा, तपासून सांगू. तुम्हाला सुई दिसणार नाही अशा खुर्चीवर बसवतो.

वणीचा_पोरगा

माझे तीन महिने जुलैत भरतात. माझा मोठा भाऊ येतो सोमवारी.

संत्रावाला

मामा पण तयार झाला.